आडवा खडा

चार वर्षं आमच्या दारात कुणी आलं की 'या, बसा' म्हणायच्या आधी आम्ही विचारायचो, "कुठून आलात?" पाहुणा औषधांच्या कारखान्यात नोकरीला असला तर त्याला फाटकातूनच वाट दाखवायची. माझ्या चुलत दिराला मी दिवाळीत असंच परत पाठवलं, फराळाचा डबा त्याच्या हातात तसाच ठेवून. त्यानं वाईभर माझी कीर्ती केली. करू दे. मी मुळात गोड बोलणारी बाई नाही, आणि जिवावर बेतलं की होतं नव्हतं तेवढं गोडही आटतं.

मला स्नायू थकण्याचा आजार आहे. मेंदू हाताला निरोप धाडतो, 'उचल'. तो निरोप वाटेतच विरतो. केस विंचरायला वर नेलेला हात अर्ध्यात खाली येतो. झोप आलेली नसते आणि पापण्या मिटतात. पोळी चावता चावता जबडा दमतो, आवाज नाकात जातो. सगळ्यात शेवटी छाती दमते, आणि मग दमायला काही उरत नाही. ऋजुलीनची गोळी घेतली की निरोप पोचायला लागतात. तसे माझ्यासारखे पुष्कळ आहेत, पण आमच्याएवढं नशीबवान कुणी नव्हतं, कारण जगात शिल्लक राहिलेलं ऋजुलीन आमच्याच गावाबाहेरच्या माळावर बनत होतं आणि ते बनवणाऱ्यांत माझा नवरा प्रणव होता.

'शिल्लक राहिलेलं' म्हणजे काय ते सांगते. विटा त्याच असल्या तरी एक गवंडी त्या उभ्या रचतो, दुसरा आडव्या. रेणूंचं तसंच असतं. ऋजुलीनचे रेणू खड्यात उभे रचले गेले की तो खडा पोटात विरघळतो आणि औषध अंगी लागतं. आडवे रचले गेले की ते एकमेकांत असे घट्ट बसतात की खडा पोटात जातो तसाच बाहेर येतो. कितीतरी वर्षं रेणू बिचारे उभेच राहत होते, कारण आडवं होता येतं हे त्यांना ठाऊकच नव्हतं. मग परदेशातल्या एका कारखान्यात एके दिवशी पहिला आडवा खडा जमला. आरामाची जागा सापडली की कोण उठतो? आणि हा आराम लागट निघाला. आडव्या खड्याचा डोळ्यांना न दिसणारा कण उभ्यांच्या टाकीत पडला की दुधात विरजण पडावं तशी सगळी टाकी आडवी होते, आणि दह्याचं परत दूध होत नाही. तो कण माणसांच्या कपड्यांवरून, दाढीमिशांतून, बॅगांच्या चाकांवरून फिरला. बघता बघता एकेक कारखाना पडला. आमचा टिकला, कारण वाईकर फारसे कुठं जात नाहीत. या गुणाचा इतिहासात पहिल्यांदाच उपयोग झाला.

गावात त्याला खडीसाखरेचा कारखाना म्हणायचे. टाक्यांत दोरे सोडलेले, त्या दोऱ्यांवर खडे हळूहळू मोठे होत जायचे. प्रणव त्या टाक्यांवर होता. आत जाताना आंघोळ, बाहेर येताना आंघोळ, कपडे तिथलेच, दाढीमिशी बंद. प्रणवनं मिशी उतरवली तेव्हा माझे सासरे आठवडाभर त्याच्याशी बोलले नव्हते.

आणि माझी सख्खी बहीण, गिरिजाताई, खंबाटकी घाटाच्या अलीकडे येऊ शकत नव्हती.

ताई स्फटिकांचीच शास्त्रज्ञ. पहिला कारखाना पडला तेव्हा आडवा खडा जवळून बघायला ती तिकडे निघाली. "तू तिथं गेलीस की इथं येता येणार नाही तुला," मी सांगून पाहिलं, रडून पाहिलं, भांडून पाहिलं. ती म्हणाली, "न बघता त्यावर उपाय कसा शोधू?" आणि गेली. परतली ती वाहक होऊन. तिच्या पुण्याच्या घरात, प्रयोगशाळेत, केसांत आडवे कण असणार हे गृहीतच होतं. माझ्या लग्नात ती नव्हती, बाळंतपणात नव्हती. रेवाला तिनं फोनच्या काचेत पाहिलं. मला तिचा राग होता, आणि राग आला की मला स्वस्थ बसवत नाही, आणि स्वस्थ न बसल्यानं मी दमते. असं सगळं ते रहाटगाडगं.

संक्रांत आली. रेवाचं पहिलं बोरन्हाण. काळं झबलं शिवलं, हलव्याचे दागिने माझ्या आईनं स्वतः केले; बाळंतपणापासून ती आमच्याकडेच होती. एकेका तिळावर पाक चढवत, शेगडीपाशी बोटं भाजून घेत, असा काटा आणला की शेजारणी बघायला आल्या. आई आदल्या आठवड्यात भिशीच्या बायकांबरोबर जेजुरीला जाऊन आली होती. आल्यावर नियमाप्रमाणे बाहेरच्या न्हाणीत आंघोळ, कपडे उकळत्या पाण्यात, सगळं यथासांग. प्रणवनं रेवाला मांडीवर घेतलं, पोरांनी बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हलवा तिच्या डोक्यावरून ओतला. निम्मा हलवा प्रणवच्याच डोक्यावर पडला. रेवा मुकुट काढून चाटत बसली. ताई फोनवरून बघत होती आणि हसत होती.

तिसऱ्या दिवशी प्रणव भर दुपारी घरी आला. आंघोळ न करता, कारखान्याच्याच कपड्यांत. मी दारातच ओरडले, "अरे, कपडे!"

"आता काही उपयोग नाही," तो म्हणाला. "खडे आडवे आलेत."

"एका टाकीत?"

"सगळ्या." तो पायरीवर बसला. "एवढे मोठे खडे आम्हाला कधी जमले नव्हते, केतकी. चपटे, लांब, काचेसारखे. असं वाटतं बघतच राहावं."

मी आत वळले तर आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिच्या हातातलं वाटण ताटात पडलं.

"त्या हलव्याला गिरजाचा हात लागला होता," ती म्हणाली.

आई जेजुरीला गेलीच नव्हती. घाट उतरून शिरवळला गेली होती आणि ताईला तिथं बोलावून घेतलं होतं. दोघी एका हॉटेलात बसल्या, एकमेकींपासून दोन टेबलं सोडून. ताईनं एवढी खबरदारी घेतली की आईला जवळसुद्धा येऊ दिलं नाही. पण बोरन्हाणाचा दागिना मावशीचा असतो, आणि मावशीचा नुसता हात तरी लागावा एवढंच आईच्या डोक्यात होतं. सरळ सांगितलं तर ताई डब्याकडे बघणारही नाही, हे तिला ठाऊक होतं. म्हणून निघताना तिनं डबा पुढं सरकवला आणि म्हणाली, "गिरजे, ह्याचं झाकण काय निघंना, बघ की जरा." ताईनं झाकण उघडून दिलं.

"मी डबा उकळत्या पाण्यातनं काढला की गं," आई पुन्हा पुन्हा सांगत होती. "बाहेरनं सगळा घासला. आतला हलवा कसा धुणार? विरघळला असता की."

बाकी गोष्ट आमची आम्हाला जुळवता आली. हलवा प्रणवच्या डोक्यावर पडला. त्यानं कारखान्यात आंघोळ केली, पण भुवया कोण धुतं?

मी आईला जे बोलले ते ऐकून सासरे उठून बाहेर गेले. त्या दिवसापासून आई आमच्याबरोबर जेवायला बसेना आणि रेवाला उचलून घेईना. मला वाईट वाटायला हवं होतं. तेव्हा वाटलं नाही. मला फक्त भीती वाटत होती.

उरलेल्या उभ्या गोळ्या सगळ्या रुग्णांत वाटायच्या ठरल्या. माझ्या वाट्याला आल्या त्या पुरवून पुरवून घ्यायच्या म्हणजे निम्म्या ताकदीवर जगायचं. पंधरवड्यात माझा उजवा डोळा अर्धा मिटला, मग डावा. दिसावं म्हणून मी पापण्या कपाळाला चिकटपट्टीनं बांधायला लागले. रेवाला उचलणं बंद झालं. ती माझ्या पायाशी येऊन हात वर करायची आणि मी खाली बसायची, कारण तिला वर घेण्यापेक्षा मी खाली जाणं सोपं होतं. वरणभातही चावावा लागतो हे मला तेव्हा कळलं.

एका सकाळी मी ताईला फोन लावला. भांडायलाच.

"झालं समाधान? बघितलास ना तुझा आडवा खडा? आता माझ्या दारातच आलाय."

आवाज नाकातून येत होता, त्यामुळे भांडणालाही जोर येईना.

"मला वाटलं, आईनं माझ्यासाठी भाकरी आणलीय," ती म्हणाली. "झाकण उघडलं तर आत छोटासा मुकुट. मी लगेच हात मागं घेतला आणि तिला तो टाकून दे म्हणाले. ती हो म्हणाली. बोरन्हाणात दिसला तो मला नवा केलेला वाटला."

मग ती रडली. ताईला मी कधी रडताना ऐकलं नव्हतं. माझा राग तिथल्या तिथं विरला असं नाही, पण त्याला धरून ठेवायची ताकद माझ्यात उरली नव्हती.

"केते, खडे किती मोठे आलेत म्हणाला प्रणव?" तिनं विचारलं.

"बोटाएवढे. आता कौतुक करतेस त्यांचं?"

"मला तसलेच हवेत. गेली दोन वर्षं हवेत. मी येऊ का?"

"इथं?"

"आता तिथं मी आणखी काय बिघडवणार?"

ती दुसऱ्याच दिवशी आली. घाट ओलांडून, कुणीही न अडवता. केस सगळे पांढरे झाले होते, हे फोनमध्ये दिसलं नव्हतं. ती दारात थबकली, मी चिकटपट्टी लावलेल्या डोळ्यांनी तिच्याकडे बघितलं. मी म्हणाले, "चहा घेणार?" आणि ती "नको, आधी कारखाना" म्हणाली. ताई ती ताईच.

तिचं म्हणणं असं होतं. आडव्या खड्यावर एका ठरावीक रंगाचा प्रकाश टाकला की शेजारशेजारचे दोन रेणू एकमेकांचा हात धरतात. हात धरायचा तर वळावं लागतं. एक जोडी वळली की तिला जागा द्यायला पुढची वळते, आणि रांगच्या रांग उभी होते. खडा वितळत नाही, फुटत नाही, बाहेरून तसाच दिसतो. आतल्या आत सगळी रचना बदलते. मग दुसऱ्या रंगाचा प्रकाश टाकला की धरलेले हात सुटतात. पण उभे राहिलेले रेणू उभेच राहतात.

"म्हणजे सुंभ जळला तरी पीळ जात नाही," प्रणव म्हणाला.

"आमच्या केतकीसारखं," ताई म्हणाली.

हे भुकटीवर का करता येत नाही, ते मी विचारलं. जीव माझा होता, शंका काढायचा हक्कही माझाच. भुकटीत अब्जावधी कण. त्यांतला एक जरी सावलीत राहून आडवाच राहिला तरी तोच विरजण होणार आणि बाकीच्यांना परत आडवं पाडणार. अखंड एका खड्याचं तसं नसतं. त्यात एकाच घडणीची सलग रांग असते, बदल एका टोकाला सुरू झाला की दुसऱ्या टोकापर्यंत जातो, मागं कुणी उरत नाही. ताईकडे पुण्यात असे खडे नव्हते. तिचे बारके खडे प्रकाश पडताच लाह्यांसारखे उडायचे आणि फुटायचे. आमच्या पडलेल्या कारखान्यात मात्र दोऱ्यादोऱ्यावर अखंड खडे लटकत होते, आणि त्यांचा कुणाला काही उपयोग नव्हता.

पहिल्या दिवशी सगळे फुटले. दुसऱ्या दिवशी प्रणवनं चपट्या अंगानं पातळ चकत्या काढल्या, कारण जाड खड्यात प्रकाश तळापर्यंत पोचत नव्हता. त्या फुटल्या नाहीत, वाकल्या. कडेनं उचलल्या गेल्या आणि परत सपाट झाल्या. त्यांतली एक पाण्याच्या पेल्यात टाकली तर ती विरघळली. प्रणवनं मला फोनवर तो नितळ पाण्याचा पेला दाखवला. पण आम्ही बघत असतानाच पेल्याच्या तळाशी चकचकीत काटे वाढायला लागले. हवेतला आडवा कण पडला होता. साऱ्या गावातच तो होता आता.

म्हणून ताईनं शेवटची गोष्ट केली. चकती आडवी असतानाच पारदर्शक कॅप्सूलमध्ये बंद करायची आणि प्रकाश बाहेरून टाकायचा. आत कण शिरायला वाव नाही. कॅप्सूल फुटणार ती थेट पोटात.

त्या कॅप्सूल एका वाटीत घालून ती आणि प्रणव घरी आले. मी वाटीकडे हात नेला. ताईनं वाटी उचलली.

"आज नाही."

"मग कधी?"

"काही जोड्यांचे हात सुटलेच नसतील तर? तसली जोडी पोटात गेली की काय होतं, कुणाला माहीत नाही. विष असू शकतं. आधी उंदरांवर बघावं लागेल, मग..."

"किती दिवस?"

"वर्ष. घाई केली तरी सहा महिने."

"मी तेवढी राहते का, बघ तरी माझ्याकडे!" माझं ओरडणं नाकातून आलं, लहान मुलाच्या कुरकुरीसारखं. "तिकडे जाताना विचारलं नाहीस मला. तेव्हा तुला शास्त्र पाहिजे होतं. आता मला पाहिजे तर तुला भीती?"

"हो, भीती!" ताई तेवढ्याच जोरात म्हणाली. "एकदा माझ्या हातानं तुझं औषध गेलं. आता माझ्याच हातानं तू गेलीस तर मी काय करू, सांग ना?"

प्रणव मध्ये पडला. "मी घेतो आधी," तो म्हणाला. "रेवाचं कोण बघेल?" मी म्हणाले. मग तो ताईवर चिडला, ताई माझ्यावर, मी दोघांवर. भांडताना माझी मान गळायला लागली म्हणून मी ती हातानं धरून भांडत होते. त्या गोंधळात ताईनं वाटी टेबलावर ठेवून दिली, हे कुणाच्या लक्षातच आलं नाही.

"एक मी घेतली," आई म्हणाली.

ती तांब्या हातात धरून स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"काय केलंस?" ताई पांढरीफटक पडली. "आई, ओकून टाक. आत्ताच्या आत्ता!"

"न्हाई टाकणार. तुमचं काय ते उंदरावर बघायचं ना, ते माझ्यावर बघा. माझं वय झालंय, आणि हे सगळं माझ्यानंच झालंय." ती खुर्चीवर बसली, हात मांडीवर ठेवून, डॉक्टरकडे बसावी तशी. तिच्या बोलण्याचा आमच्यावर काय परिणाम होतोय याकडे तिचं लक्षच नव्हतं.

मला तिच्याजवळ जायचं होतं. दोन पावलं टाकली आणि गुडघे गेले. मी जमिनीवर बसूनच सरकत सरकत तिच्यापर्यंत गेले आणि तिचे पाय धरले. "आई, मी बोलले ते विसर, मी काहीही बोलते, तुला माहितीय ना," असं मी म्हणत होते आणि त्यातलं तिला किती कळत होतं देव जाणे. ताई तिची नाडी धरून उभी होती. प्रणवनं डॉक्टरांना फोन लावला.

थोड्या वेळानं आईला घाम सुटला. मग तिनं पोट दाबून धरलं. "मुरडा आला गं," ती म्हणाली आणि पदरानं तोंड पुसायला लागली, कारण तोंडाला सारखं पाणी सुटत होतं. मी डोळे मिटून घेतले. तसंही ते मिटतच होते.

"आणि ही पापणी बघ की, कशी फडफडतीय," आई म्हणाली. "डावा डोळा लवला की बाईमाणसाला शुभ. पण माझे दोन्ही लवायला लागलेत. ह्याचं काय शास्त्र?"

ताई एकदम तिच्या तोंडाजवळ वाकली. तिनं आईच्या पापण्या बघितल्या, मनगट उलटं करून हाताचे स्नायू बघितले. तेही बारीक बारीक उडत होते. ताई मटकन माझ्याशेजारी जमिनीवर बसली.

"हे विष नाही," ती म्हणाली. "हे ऋजुलीन आहे. निरोगी माणसानं घेतलं की असंच होतं. घाम, लाळ, मुरडा, पापण्या. निरोप पोचायची गरज नसताना जास्तीचे निरोप पोचतात." ती हसायला लागली आणि हसता हसता तिला हुंदका आला. "केते, विरघळलाय तो. आईच्या पोटात विरघळलाय!"

डॉक्टर येऊन उताऱ्याचं इंजेक्शन देऊन गेले. दुसऱ्या दिवशी रक्ततपासणी साधी आली, आईनं दोन वेळा पिठलं-भात खाल्ला आणि आम्हाला टोमणे मारले. तरी ताई आठवडाभर थांबा म्हणत होती. उशिरानं उठणारं काही असलं तर, म्हणाली. तिचं चुकत नव्हतं. मी चौथ्या दिवशी कॅप्सूल घेतली. यावेळी वाटी तिनंच माझ्यापुढं धरली आणि तोंड दुसरीकडे फिरवलं.

अर्ध्या तासात कपाळावरची चिकटपट्टी ओढल्यासारखी वाटायला लागली. मी ती काढली. पापण्या वरच राहिल्या. गेल्या कितीतरी दिवसांत मी खोली अशी एका वेळी सबंध बघितली नव्हती. प्रणवची मिशी परत उगवत होती. आई शेंगा फोडत बसली होती. ताई खिडकीशी उभी होती, आम्हा सगळ्यांपासून लांब.

रेवा माझ्या पायाशी आली आणि तिनं हात वर केले. मी वाकले आणि तिला उचललं. नुसतं उचललं. काखेत हात घालून, एका दमात, कडेवर. ती माझ्या गालाला चिकटली आणि मला रडू फुटलं ते आवरलंच नाही.

तशीच मी खिडकीपाशी गेले आणि रेवाला ताईपुढं धरलं. ताईनं दोन्ही हात मागं घेतले. तिला कळलंसुद्धा नाही. चार वर्षांची सवय होती ती, कुणी काही पुढं केलं की हात पाठीमागं नेऊन एकमेकांत गुंतवायचे.

"घे," मी म्हणाले.

"अगं, माझे केस, कपडे..."

"घे म्हणते ना. काय लागायचंय तुझं ते लागू दे तिला."